डोळे पिवळे न होणारी कावीळ

नमस्कार श्रोतेहो. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ झालं की वाईपासून सांगलीपर्यंत काविळीची धास्ती सुरू होते. घरात कुणाचे डोळे पिवळे दिसतात का, ते आपण बघत राहतो. पण डोळ्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

पाण्यातून पसरणाऱ्या ‘अ’ काविळीचंच, म्हणजे हिपॅटायटिस ए चंच घ्या. सहा वर्षांखालच्या दहा मुलांना लागण झाली, तर साधारण सातजणांत काही लक्षणच दिसत नाही. मोठ्यांचं उलट. बाप अंथरूण धरतो, धाकटा अंगणात खेळतो. विषाणू मात्र दोघांच्याही शौचावाटे बाहेर पडत असतो, आणि तोही डोळे पिवळे होण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीपासून.

‘ई’ कावीळ पंधरा ते चाळीस वयात जास्त उठून दिसते, त्यातही पुरुषांत. लहानांत ती बहुधा कळतच नाही. गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर मात्र शंभरात वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्या. काविळीचं झाडपाल्याचं औषध बघत बसू नका.

‘ब’ काविळीचं, म्हणजे हिपॅटायटिस बी चं सगळंच वेगळं. तिचा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. अशा दहा बाळांपैकी नऊ जणांत तो कायमचा मुक्काम करतो आणि कित्येक वर्षं अवाक्षर काढत नाही. मोठेपणी लागण झाली, तर असा मुक्काम शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत. म्हणून गरोदरपणात एचबीएसएजी तपासणी, म्हणजे ‘ब’ विषाणू आहे का ते बघणारी रक्ततपासणी हवी. बाळाला पहिली लस 24 तासांच्या आत, मग 6, 10 आणि 14 आठवड्यांना. आई पॉझिटिव्ह असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही, शक्यतो 12 तासांत. घोटाळा कुठं होतो? लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी येते आणि तपासणीची फाइल सासरीच राहते. ती फाइल पिशवीत आधी टाका.

आता पाणी. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर हजार लिटरला पाच ग्रॅम; बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी टाकीत ओता, अर्धा-एक तास थांबा. गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं, आणि पोतं उघडं राहिलं की पावडरीचा जोर जातो. ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघणारी चाचणी, टाकीजवळच्या नळाला नको, गावातल्या शेवटच्या नळाला करा. तिथं चाचणीच्या नळीतलं पाणी पिवळं झालं नाही, तर त्या दिवशी उकळूनच प्या.