मागचा आवाज

नमस्कार मंडळी, आज जरा मागच्या आवाजांबद्दल बोलायचंय. पोवाड्यात शाहिराच्या मागं झीलकरी उभे असतात ना, त्याची ओळ संपता संपता 'जी जी रं जी' उचलतात, त्याला दम घ्यायला जागा करून देतात, ते काढून टाकले तर पोवाडा निम्मासुद्धा उरत नाही. रॉकमधल्या बॅकिंग व्होकल्सचं, म्हणजे मेन गायकाच्या मागून गाणाऱ्यांचं, मला तसंच वाटतं. फरक एवढाच की तिकडे हार्मनी असते, म्हणजे प्रत्येकजण वेगळा सूर धरतो. मेन गायक सा वर असेल तर दुसरा ग वर, तिसरा प वर, आणि अख्खा कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे ते सगळे सूर, गळ्यातून वाजतो.

ऐकायला सोपं आहे. पण कॉलेजात असताना आम्ही कर्वेनगरला एका मित्राच्या फ्लॅटवर प्रॅक्टिस करायचो तेव्हा ग वर गाणारा दोन ओळींत घसरत घसरत सा वर यायचाच, कारण लहानपणापासून आरती म्हणा भजन म्हणा, सगळ्यांनी मिळून एकच चाल म्हणायची सवय, शेजारच्याचा सूर कानात शिरला की आपला सुटतो. शेवटी हार्मनीची ओळ वेगळं गाणं असल्यासारखी प्रत्येकाने घरी एकट्याने पाठ केली, तेव्हा कुठे जमलं. शब्दाचा शेवटही सगळ्यांनी एकाच क्षणी तोडावा लागतो, नाहीतर 'स' तीनदा ऐकू येतो.

बीटल्स या बँडने १९६९ मध्ये 'बिकॉज' हे गाणं केलं, त्यातले तिघं एकत्र गायले, मग त्याच रेकॉर्डिंगवर अजून दोनदा गायले, झाले नऊ आवाज. आणि क्वीन या बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी', १९७५ चं, त्यातला ऑपेराचा भाग ऐकून वाटतं केवढा मोठा कोरस बोलावला असेल, पण गाणारे तिघंच, फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर, २४ ट्रॅकच्या टेपवर, म्हणजे २४ आवाज वेगवेगळे रेकॉर्ड करता येतात अशा टेपवर, आवाजावर आवाज चढवत गेले. स्टेजवर तेवढे गळे आणणार कुठून, म्हणून तो भाग टेपवरच वाजवायचे.

आणि हा फ्रेडी शिकला आपल्या पाचगणीत! पसरणीचा घाट चढला की आलंच. तिथल्या शाळेत त्यांचा हेक्टिक्स नावाचा बँड होता, त्यात मेन गायक दुसराच मुलगा, फ्रेडी पियानोवर. दुसऱ्याच्या आवाजाकडे कान लावून बसायची सवय त्याला तिथंच लागली असेल, असं मला मनापासून वाटतं.

तेच 'बोहेमियन रॅप्सडी' लावतोय आता. इयरफोन असेल तर घाला, फ्रेडीला थोडा वेळ सोडून द्या, आणि 'गॅलिलिओ' म्हणताना सगळ्यात वर जो आवाज जातो ना, तो पकडा, तो ड्रमरचा आहे.