पाणसुरुंग: टाकायला एक रात्र, काढायला महिने

[दृश्य: शिंगं असलेला काळा लोखंडी गोळा, अगदी जवळून]

या गोळ्यावरची शिंगं शिशाची आहेत. शिसं मऊ, म्हणून ती वाकतात. प्रत्येक शिंगात काचेची कुपी आणि कुपीत आम्ल. जहाजाचा तळ घासला की शिंग वाकतं, कुपी फुटते आणि आम्ल खालच्या कार्बन-जस्ताच्या पट्ट्यांवर सांडतं. त्या क्षणी बॅटरी तयार होते आणि तिच्याच विजेने स्फोट होतो. आम्ल सांडेपर्यंत बॅटरी नसतेच, मग ती उतरणार कुठून? म्हणूनच कित्येक वर्षं पाण्यात पडून राहिलेला पाणसुरुंगही जहाज फोडू शकतो.

[दृश्य: आकृती. गोळा, नांगरपेटी, तार, वजन]

गोळा पोकळ असतो, त्याला वर यायचं असतं. त्याला खाली धरून ठेवते ती नांगरपेटी. समजा, सुरुंग पृष्ठभागाखाली 3 मीटरवर हवा आहे. मग पेटीखाली 3 मीटर दोरीला एक वजन टांगतात. सगळं एकदम पाण्यात टाकलं की गोळा तरंगतो, पेटी बुडू लागते आणि रिळावरून तार सुटत जाते. वजन तळाला टेकलं की दोरी सैल पडते आणि रीळ अडकतं. पेटी अजून तळापासून 3 मीटर वर असते. उरलेलं अंतर उतरताना ती गोळ्यालाही तेवढंच खाली ओढते. तार पुरेशी लांब असली म्हणजे झालं, त्या जागी समुद्र किती खोल आहे हे मोजत बसावं लागत नाही.

बिघाड होतो तो नंतर. भरती-ओहोटीत फरक मोठा असेल तर ओहोटीला गोळा उघडा पडतो आणि भरतीला इतका खोल राहतो की जहाज वरून निघून जातं. जोराच्या प्रवाहात तार तिरपी होते, गोळा आणखी खाली दबतो. वादळात तार झिजून तुटते. 1907 च्या हेग कराराने सांगितलं की नांगर तुटलेला सुरुंग आपोआप निकामी झाला पाहिजे. त्यासाठी तारेचा ताण गेला की विजेची जोडणी तोडणारी कळ बसवतात. पण गंजाने आणि शिंपल्यांनी ती कळच अडकली, तर करार कागदावर राहतो.

[दृश्य: दार्दानेल्सचा नकाशा]

मार्च 1915, पहिलं महायुद्ध. दार्दानेल्स ही तुर्कस्तानातली चिंचोळी सामुद्रधुनी. नुसरत नावाच्या छोट्या तुर्की जहाजाने एका रात्रीत एरेनकॉय उपसागरात 26 सुरुंग टाकले, तेही सामुद्रधुनीला आडवे नाही, तर किनाऱ्याला समांतर. मित्रराष्ट्रांच्या युद्धनौका मारा करून ज्या जागी वळतात, ती जागा तुर्कांनी हेरली होती. 18 मार्चला बुव्हे ही फ्रेंच युद्धनौका दोनेक मिनिटांत उलटली, 600 हून अधिक माणसं गेली. इर्रेझिस्टिबल आणि ओशन या ब्रिटिश युद्धनौकाही त्याच दिवशी बुडाल्या. सुरुंग काढायला होते मासेमारीचे ट्रॉलर. उलट्या प्रवाहात ते जेमतेम पुढे सरकायचे, वरून प्रकाशझोत आणि तोफा. इथे नीट पाहायला हवं: तोफा सुरुंगांची राखण करत होत्या आणि सुरुंग तोफांची. त्यातलं एक मोडल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नव्हता.

[दृश्य: शूबरीनेसचा चिखलाळ किनारा]

नोव्हेंबर 1939 मध्ये इंग्लंडच्या या किनाऱ्यावर ओहोटीला एक जर्मन सुरुंग सापडला. शिंगं नाहीत, नांगर नाही. लेफ्टनंट कमांडर जॉन ऊव्ह्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बिनचुंबकीय हत्यारांनी हातांनी उघडला. तो तळाशी पडून राहायचा आणि वरून जाणाऱ्या पोलादी जहाजाचं चुंबकत्व ओळखायचा. उपाय लगेच निघाला: जहाजाभोवती तारेची वेटोळी गुंडाळून वीज सोडायची आणि त्याचं चुंबकत्व मारायचं. मग सुरुंग आवाज ऐकू लागले, पाण्याचा दाब ओळखू लागले, पहिली काही जहाजं मुद्दाम सोडून पुढच्याखाली फुटू लागले. त्यामुळे एक जहाज सुखरूप गेलं म्हणजे वाट मोकळी, असं आज कोणीही धरून चालत नाही.

[दृश्य: वोनसान बंदर, 1950]

ऑक्टोबर 1950, कोरियाचं युद्ध. उत्तर कोरियाने वोनसानसमोर सुमारे 3,000 सुरुंग पेरले होते, त्यातले बरेच साध्या होड्यांतून. 12 ऑक्टोबरला पायरेट आणि प्लेज हे दोन अमेरिकी माइनस्वीपर, म्हणजे सुरुंग काढणारी जहाजं, बुडाले. सैनिकांनी भरलेली जहाजं बाहेर समुद्रात दिवसेंदिवस येरझारा घालत राहिली. 1988 मध्ये इराणच्या आखातात सॅम्युएल बी. रॉबर्ट्स या अमेरिकी युद्धनौकेखाली फुटलेल्या सुरुंगाचा आराखडा तर 1908 चा होता. कणा मोडला, इंजिनखोलीत पाणी भरलं. खलाशांनी तडकलेला वरचा सांगाडा पोलादी दोरांनी आवळून बांधला आणि जहाज वाचवलं. एकही माणूस दगावला नाही.

[दृश्य: सोनारचा पडदा]

तारेचा सुरुंग काढायला जहाजामागून कातरी लावलेली तार ओढतात. सुरुंगाची नांगराची तार कापली की गोळा वर येतो, मग त्याला गोळ्या घालायच्या. तळाशी पडलेल्याला मात्र हुडकावंच लागतं. सोनार पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढतो. त्यावर वस्तू दिसते, तिची सावली दिसते. मग ठरवायचं: सुरुंग, दगड, टायर की पिंप? खात्रीसाठी कॅमेरा खाली पाठवतात, मग शेजारी स्फोटक ठेवतात. पाण्याचे थंड-गरम थर आवाज वाकवतात, त्यामुळे सकाळी दिसलेली वस्तू दुपारी हरवते. चिखलात रुतलेली तर दिसतच नाही.

पोलादाचं चुंबकत्व सुरुंगाला जागं करतं, म्हणून या कामाची जहाजं लाकडाची किंवा काचतंतूंच्या प्लास्टिकची बांधावी लागतात. ती महाग, संथ आणि एरवी फारशी उपयोगाची नसलेली वाटतात. खर्च कापायचा म्हटलं की अनेक नौदलांची नजर आधी त्यांच्यावर जाते, हे दुखणं जुनं आहे. आता भर मानवरहित साधनांवर आहे. बेल्जियम आणि नेदरलँड्सनी मिळून अशी 12 जहाजं मागवली, जी स्वतः लांब उभी राहून यंत्रं आत पाठवतील. माणूस धोक्याबाहेर राहतो, ही मोठी गोष्ट. पण पाण्याखाली रेडिओ चालत नाही. बरीचशी चित्रं यंत्र परत आल्यावरच नीट तपासता येतात आणि शेवटचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

[दृश्य: काळा समुद्र]

2022 पासून काळ्या समुद्रात सुटे सुरुंग वाहत फिरू लागले. त्याच सप्टेंबरात रोमानियाच्या एका माइनस्वीपरलाच सुरुंग लागला. जानेवारी 2024 मध्ये तुर्कस्तान, रोमानिया आणि बल्गेरियाने सफाईसाठी एकत्र पथक उभारण्याचा करार केला.

सगळ्यात उपयोगी काम मात्र शांततेच्या काळातच करून ठेवायचं असतं. बंदराच्या वाटेचा तळ सोनारने पुन्हा पुन्हा टिपायचा, प्रत्येक दगड, प्रत्येक बुडालेलं पिंप नकाशावर नोंदवायचं. संकटाच्या सकाळी पडद्यावर 400 ठिपके दिसले, तर जुना नकाशा शेजारी ठेवून बघायचं: यातला नवा कोणता?