चौदा दिवसांची वही

(दृश्य: पाऊस. कोंढव्यातल्या इमारतीचा तिसरा मजला. चटईवर उघडी वही.)

ही वही शेवटच्या पानापासून सुरू होते. म्हणजे आपल्याला ते शेवटचे पान वाटते. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे आपण जिथे वही मिटतो तिथे या मुलाचे पहिले पान आहे. वर तारीख, तारखेखाली रेघ, रेघेखाली खर्च. रिक्षा. सिमकार्ड. झेरॉक्स. फोटो, आठ प्रती. पुन्हा झेरॉक्स.

मुलगा येमेनमधल्या एडनचा. पुण्यात शिकायला आलाय, आणि चौदा दिवसांत त्याला परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायचीय. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही, चेहराही दाखवणार नाही. "मला अजून तीन वर्षे इथेच राहायचंय," एवढेच तो म्हणाला. त्याचे हात मात्र तुम्हाला दिसत राहतील. एका हातात कायम एक निळी प्लॅस्टिकची फाईल असते. पावसात तो छत्री स्वतःच्या डोक्यावर धरत नाही, फाईलवर धरतो.

(दृश्य: पासपोर्टचे पान, नावावर बोट.)

पासपोर्टवर चार नावे आहेत. स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे आणि घराण्याचे. आपल्याला हे परके वाटायचे काही कारण नाही. आपणही आपल्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो आणि मग आडनाव. एडनचा माणूस आणखी एक पिढी मागे जातो, इतकेच. पण कॉलेजच्या बोनाफाईडवर आजोबा गळले. व्हिसावर आजोबा आहेत. भाडेकराराच्या पहिल्या मसुद्यात तर घराण्याचे नाव वडिलांच्या जागी जाऊन बसले. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावे. नोंदणीच्या सरकारी पोर्टलवरून शेरा आला: नावे जुळत नाहीत.

बोनाफाईड दुरुस्त करून घ्यायला चार दिवस गेले. "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या." सोमवारी साहेब आले, शिक्का कपाटात होता आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती ते परीक्षेच्या कामाला गेले होते.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या पोर्टलचे, ई-एफआरआरओचे पान उघडताना.)

नियम वाचायला सोपा आहे. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने भारतात उतरल्यापासून १४ दिवसांच्या आत स्वतःची नोंदणी करायची. वेळेत केली तर त्या नोंदणीला सरकारी शुल्क नाही. एक रुपयाही नाही. २०१८ पासून हे काम ऑनलाइन झाले. अर्जदाराने कचेरीत खेटे घालू नयेत, रोख पैसे हातात घेऊन कुणासमोर उभे राहू नये, म्हणूनच हे पोर्टल आले. ते झाले हे चांगलेच झाले, आणि ज्यांनी ते केले त्यांना त्याचे श्रेय द्यायला हवे.

अडचण पोर्टलच्या अलीकडे आहे. तिथे चढवायचा एकेक कागद कुणा दुसऱ्याच्या सहीवर अडलेला असतो. सही घरमालकाची, शिक्का कॉलेजचा, करार निबंधकाकडचा. दिवस मात्र या मुलाचेच मोजले जातात.

(दृश्य: डेक्कनवरचे झेरॉक्सचे दुकान. स्कॅनरच्या झाकणाखालून सरकणारा हिरवा उजेड.)

या दुकानात सकाळपासून तीन देशांची मुले येऊन गेली. दुकानदार त्यांना फॉर्मच्या नावानेच ओळखतो. "तुझा सी फॉर्म आला का रे?" मुलगा म्हणतो, "नाही दादा, उद्या." हा दादा या शहरातला त्यांचा पहिला सल्लागार. फोटो चौकोनी कापून देतो, पार्श्वभूमी पांढरी करतो, पीडीएफ ठरलेल्या आकारात बसेपर्यंत दाबत राहतो. मजकूर पुसट झाला तर अर्ज परत येणार, फाईल जड झाली तर ती वर चढणारच नाही. हे त्याला पाठ आहे. तो लावतो ती त्याच्या कामाची रास्त मजुरी. वहीत हे आकडे सर्वांत लहान आहेत.

(दृश्य: इमारतीखालची पत्रपेटी. जिना. अर्धवट उघडलेले दार.)

आता सी फॉर्म. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत त्याची माहिती पोर्टलवर भरायची, आणि हे काम घर देणाऱ्याचे आहे. हॉटेलवाल्यांना ते रोजचे. पण पेन्शनीत निघालेल्या, मुलाच्या नावावरचा फ्लॅट सांभाळणाऱ्या बाईंना हे कोण सांगणार? या घराच्या काकूंना लॉगिन म्हणजे काय ते माहीत नव्हते. पोलिसांचा काही प्रकार आहे, इतकेच त्यांना कळले आणि त्या घाबरल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी भीतीत भर घातली. काकू वाईट नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनीच वरणभात पाठवला होता. चौथ्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला: फॉर्म भरायचा असेल तर भाडे महिन्याला दोन हजार जास्त. "रिस्क आमची आहे ना."

कायद्याने सोपवलेले कर्तव्य पार पाडायचे दोन हजार. महिन्याला. वहीत हा आकडा अकरा वेळा खाली खाली लिहिला आहे, पुढच्या अकरा महिन्यांसमोर. बेरीज अजून केलेली नाही.

(दृश्य: दुय्यम निबंधक कार्यालयाचा बाहेरचा परिसर. टपऱ्या, बाकडी, टायपिंगच्या छत्र्या.)

भाडेकराराची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या वहीतला सर्वांत मोठा एकरकमी खर्च इथला आहे.

महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावा लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ सांगते की ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. मुद्रांक शुल्क पाव टक्का. शहरात नोंदणी फी १,००० रुपये. महिना १८,००० भाड्याच्या घराला सगळा सरकारी खर्च दोन हजारांच्या आसपास बसतो. आपल्यापैकी अनेकांनी हे घरबसल्या केलेय. एजंट यंत्र घेऊन येतो, अंगठा लावतो, झाले.

तो अंगठा आधारचा असतो. या मुलाकडे आधार नाही, आणि आत्ता मिळणारही नाही. परदेशी माणसाला आधार काढायचे तर मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेले असावे लागते. मग उरतो जुना रस्ता: मालक, भाडेकरू आणि साक्षीदार, सगळ्यांनी कचेरीत यायचे, टोकन घ्यायचे, फोटो, अंगठा, सही. काकूंचे गुडघे दुखतात. त्यांचा मुलगा परगावी. साक्षीदार कुठून आणायचे? बावीस वर्षांच्या, शहरात येऊन आठ दिवस झालेल्या मुलाने?

(दृश्य: बाकड्यावर बसलेला माणूस, फक्त पाठ. पुढ्यात कागदांची चळत.)

इथे एजंट लागतो. "फॉरेनर? मग वेगळा रेट." हे वाक्य आमच्या मायक्रोफोनवर दोन वेगवेगळ्या बाकड्यांवरून आले, जवळपास याच शब्दांत. रेटमध्ये काय काय येते, याची यादी कुणी देत नाही. पावती फक्त सरकारी रकमेची मिळते. वहीत लिहिलेय: करार, ७,०००. त्याखाली कंसात, वेगळ्या शाईने, पावतीची रक्कम. दोन आकड्यांच्या मधली जागा कोरी ठेवली आहे. तिथे काय लिहायचे हे त्याला कळले नसावे.

(दृश्य: संगम पूल. मुळा-मुठेचे गढूळ पाणी. पुलापलीकडची दगडी इमारत.)

करार करून परतताना तो रिक्षातून संगम पुलावरून गेला. आम्ही कॅमेरा इथे मुद्दाम थांबवला आहे.

या मुलाचे एडन आणि आपले पुणे एकमेकांना अनोळखी नाहीत. १८३९ मध्ये इंग्रजांनी एडन घेतले आणि पुढे जवळजवळ शतकभर, १९३२ पर्यंत, त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. म्हणजे त्याच्या पणजोबांच्या गावाचे कागद आपल्या मुंबईत येत होते. आणि पुण्यातून एक माणूस एडनला गेला, तो बेड्या घालून. वासुदेव बळवंत फडके. त्यांच्यावर खटला पुण्यात चालला. त्यांचे स्मारक या संगमाजवळच आहे. जन्मठेपेसाठी त्यांना एडनच्या तुरुंगात ठेवले. फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी कोठडीचे दार बिजागरीतून उखडले आणि ते निसटले. पुन्हा पकडले गेले, अन्न सोडले आणि १७ फेब्रुवारीला तिथेच गेले.

बंडाच्या आधी फडके पुण्यातल्या लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकून होते. आई अत्यवस्थ असल्याचे कळले तेव्हा त्यांनी रजेचा अर्ज केला. रजा वेळेवर मिळाली नाही. ते आपल्या गावी, शिरढोणला पोचले तेव्हा आई गेली होती. टेबलावर पडून राहिलेला कागद माणसाचे काय करतो, हे या शहराला तेव्हापासून ठाऊक आहे.

एडनमध्ये फडके वारले, हे त्या मुलाला ठाऊक नव्हते. आम्ही सांगितल्यावर त्याने तारीख विचारली आणि वहीत लिहून घेतली. खर्चाच्या पानावरच, समासात.

(दृश्य: वहीचे पान, अगदी जवळून.)

आता हे पान नीट पाहा. अकरावा दिवस. एका ओळीत 'शाय' असा शब्द आहे. अरबीत चहाला शायच म्हणतात. पुढे आकडा. अरबी लिपीतला पाच आपल्या शून्यासारखा दिसतो आणि त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. त्यामुळे आपल्याला इथे एक शून्य आणि पुढे दोन ठिपके दिसतात. काहीच खर्च नाही, असे वाटते. ते पाचशे आहेत.

पत्त्याच्या पडताळणीसाठी एक माणूस आला. खोली पाहिली, गादी पाहिली, काकूंना दोन प्रश्न विचारले. निघताना जिन्यात थांबून म्हणाला, "चहापाण्याचं बघा." मुलाने खरोखर चहा ठेवला. माणूस प्यायला नाही. काकूंनी खुणावले तेव्हा मुलाच्या ध्यानात आले.

तक्रार का केली नाही, असे आम्ही विचारले. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे, तो कुणीही फिरवू शकतो. पण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवावे लागते, तरच सुटका. चौदा दिवसांच्या घड्याळात हे आणखी सात दिवसांचे घड्याळ. आणि ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याचाच शेरा अर्जासोबत जायचा आहे. तो हसला, आणि फाईल उचलून बाहेर पडला.

(दृश्य: चाकणचा रस्ता, कारखान्यांच्या कमानी.)

याच जिल्ह्यात चाकणला जर्मन, कोरियन, जपानी अभियंते येतात. त्यांच्यासाठी कंपनी एजन्सी नेमते. घर, करार, फॉर्म, नोंदणी, सगळे त्यांच्या वतीने होते. नियम तोच, पोर्टल तेच.

(दृश्य: कोथरूडमधली गॅलरी, वाळत घातलेल्या कुरडया, भिंतीवर पदवीदानाचा फोटो.)

आणि ही गॅलरी आपली. या सोसायटीतली मुले जर्मनीत शिकतात. शिकायला जायचे तर वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवून दाखवायचे आणि पोचल्यावर परवान्यासाठी तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीच्या तारखेची वाट पाहायची. या आजी रोज रात्री व्हिडिओ कॉलवर नातवाला विचारतात: "मिळाली का रे तारीख?" त्या कचेरीतला माणूस आपल्या पोराशी नीट बोलेल ना, ही काळजी त्यांच्या आवाजात ऐका. एडनमध्येही एक आजी आहे. २०१५ मध्ये युद्ध पेटले तेव्हा भारताने येमेनच्या राजधानीतला, सना शहरातला आपला दूतावास देशाबाहेर हलवला. ती आजी कुणाकडे विचारणा करणार?

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला. १९४६ चा जुना कायदा आणि सोबतचे आणखी तीन गेले. व्हिसाच्या अटी मोडल्या किंवा मुदत उलटून राहिले तर तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. याच मजल्यावर राहणाऱ्या दुसऱ्या मुलाची मुदतवाढ कागदाअभावी रखडली. तो दंड भरून, परीक्षा न देताच परत गेला.

(दृश्य: रिकामी खाट. खिडकीत वाळत घातलेली निळी फाईल.)

चौदावा दिवस. दुरुस्त बोनाफाईड सकाळी मिळाले. काकूंच्या मुलाने दुपारी फॉर्म भरला. करार, बिल, फोटो, पासपोर्ट, व्हिसाचे पान, विमानतळावरचा शिक्का. दादांनी दुकान अर्धा तास जास्त उघडे ठेवले. शटर निम्मे खाली आहे, आत स्कॅनरचा उजेड सरकतोय.

(दृश्य: पडद्यावर अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक. बोट तो क्रमांक वहीत उतरवते.)

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला. समोरच्या रकान्यात शुल्क लिहायचे होते. त्याने आधी ठिपका दिला, त्यांचे शून्य. मग थांबून, आम्हाला वाचता यावे म्हणून, शेजारी आपले शून्य काढले.