देवाच्या दारात मार खाल्लेला भक्त

सज्जनहो, संकटात आणि अपमानात देवाला धरून राहणे या विषयावर बोलायचे ठरले, तेव्हा माझ्या मनात सर्वांत आधी चोखोबा आले. मंगळवेढ्याचे चोखामेळा महार जातीत जन्मले. मेलेली गुरे ओढणे आणि गाव सांगेल ती वेठ करणे हे जन्मानेच त्यांच्या वाट्याला आले होते. त्यांनी नामदेवांना गुरू मानले, पंढरीची वाट धरली आणि ज्या विठ्ठलासाठी जीव टाकला, त्याच्याच मंदिराची पायरी त्यांना कधी चढू दिली गेली नाही. लोकांची निंदा सोसणारे भक्त पुष्कळ झाले. परंतु इथे निंदा करणारे देवाच्याच नावाने ती करत होते, म्हणून ही कसोटी मला फार अवघड वाटते. परक्याने हिणवले तर माणूस देवाकडे धाव घेतो. देवाच्या दारातच मार बसला, तर त्याने जावे कुठे?

चोखोबांनी याचे उत्तर एका अभंगात दिले आहे. विठोबाच्या गळ्यातला हार तुझ्या कंठी कसा आला, असे विचारत बडवे, म्हणजे मंदिराचे पुजारी, त्यांना मारतात, शिव्या देतात आणि देव बाटवला म्हणतात. तेव्हा चोखोबा विठूला हाक मारतात, धाव घाल, ‘चालू नको मंद’. या शब्दांपाशी मी नेहमी थांबतो. अंगावर मार पडत असताना ज्याच्याकडे मदत मागायची, त्याची चालही त्यांना दिसते आहे आणि ती संथ आहे, ही तक्रार ते तोंडावर करतात. त्याच अभंगात ते स्वतःला देवाच्या दारचे कुत्रे म्हणवतात आणि मला टाकू नकोस म्हणून विनवतात. देवावर रागावणे आणि त्याचे दार न सोडणे या दोन्ही गोष्टी एकाच दमात येतात. निष्ठा म्हणजे मुकाट्याने सोसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी हा अभंग एकदा सावकाश वाचावा.

त्यांच्या घरातली सगळीच माणसे अशी होती. पत्नी सोयराबाई विचारतात की देहाचा विटाळ देहातच जन्मतो, मग सोवळा झाला तो कोण? मुलगा कर्ममेळा तर बापाहून कठोर आहे. आम्हाला हीन जातीत घातलेस, उष्टे खाण्यात जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही, असे तो देवालाच विचारतो. कीर्तनात आपण चोखोबांसाठी देवाने गुरे ओढल्याची कथा गोड करून सांगतो आणि कर्ममेळ्याचा प्रश्न बहुधा गाळतो. माझ्या मते हा त्या घरावर आपण केलेला अन्यायच आहे, कारण असा प्रश्न विचारणारा मुलगाही अखेर विठ्ठलाशीच बोलत होता, दुसऱ्या कुणाशी नाही.

मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम वेठीने चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. ते साल 1338 मानले जाते. नामदेव तिथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या त्यांनी ओळखून उचलल्या, असे परंपरा सांगते. त्या पंढरपुरात आणून महाद्वारासमोर समाधी बांधली गेली. म्हणजे मृत्यूनंतरही जागा मिळाली ती बाहेरच.

त्यांच्या जातीतल्या माणसांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात मे 1947 मध्ये दहाएक दिवस उपोषण करावे लागले, आणि मगच मंदिराचे दार उघडले. पुढच्याच वर्षी अस्पृश्यतेच्या उगमावरचा आपला ग्रंथ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदास यांच्याबरोबर चोखामेळा होते. धाव घाल, मंद चालू नकोस, असे ते विठूला म्हणाले होते, त्याला तेव्हा सहाशे वर्षे उलटून गेली होती.