बुजगावण्यांचं गाव

नमस्कार श्रोतेहो.

बुजगावणं तुम्हाला नव्याने सांगायला नको. आडव्या-उभ्या दोन काठ्या, त्यांवर जुना सदरा, वर उपडं मडकं. आज बोलायचंय जपानबद्दल, पण सुरुवात बुजगावण्यापासूनच करतो.

जपानच्या शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतात, इया नावाचं डोंगरदऱ्यांतलं खोरं आहे. त्या खोऱ्यात नागोरो नावाचं गाव. एके काळी तिथे तीनशेच्या आसपास माणसं राहायची. मग तरुण मंडळी शहरांकडे गेली, म्हातारी मागे राहिली आणि एकेक करून तीही गेली. त्सुकिमी आयानो या बाईंचं बालपण याच गावातलं. आयुष्याची कितीतरी वर्षं त्यांनी ओसाका शहरात काढली आणि उतारवयातल्या वडिलांची देखभाल करायला त्या गावी परतल्या. परसात बी पेरलं, ते पाखरांनी उकरून खाल्लं. मग त्यांनी बुजगावणं केलं. करता करता त्याला रूप आलं ते वडिलांचं. कपडेही वडिलांचेच चढवले. सकाळी वाटेने जाणारे शेजारी त्या बुजगावण्याला हाक मारायचे, आज लवकर कामाला लागलात म्हणून! इतकं ते हुबेहूब.

त्यानंतर बाईंचे हात थांबले नाहीत. शेजारची आजी वारली, तिच्यासारखं एक बुजगावणं. कोणी गाव सोडून गेलं, त्याच्यासारखं एक. आत वर्तमानपत्रं आणि चिंध्या भरायच्या, वरून चेहरा शिवायचा. ओठांपाशी दोरा किती ओढायचा, त्यावर चेहरा हसरा होतो की रुसका हे ठरतं. उन्हापावसात ही बुजगावणी दोन-तीन वर्षांत जीर्ण होतात, की बाई पुन्हा नवी करायला बसतात. आज बसथांब्यावर बुजगावणी बसची वाट बघत बसलेली असतात, शेतात बुजगावणी काम करतात. गावात हाडामासाची माणसं तीससुद्धा नाहीत, बुजगावणी मात्र शेकड्यांनी आहेत.

आणि शाळा! शाळा 2012 साली बंद झाली. शेवटी पटावर दोनच मुलं उरली होती. जाण्याआधी त्या दोघांनी बाईंच्या मदतीने स्वतःसारखी दोन बुजगावणी केली आणि त्यांना आपलेच कपडे घातले. ती दोघं अजून वर्गात बाकावर बसलेली आहेत, समोर फळ्यापाशी गुरुजींचं बुजगावणं. श्रोतेहो, ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल त्याला मोजमाप नाही. दर वेळी त्या बाकापाशी आलो की माझा आवाज बदलतो.

नागोरो हे काही जगावेगळं गाव नाही, त्याच वाटेवर असलेली गावं जपानभर आहेत. देश श्रीमंत आहे, पण माणूस कमी पडतोय. 2008 च्या सुमारास जपानची लोकसंख्या 12 कोटी 80 लाखांपर्यंत पोचली होती. तेव्हापासून ती घटतेच आहे. 2024 साली तिथे जन्मली सुमारे 6 लाख 86 हजार बाळं, आणि माणसं वारली 16 लाख. पुन्हा सांगतो: जन्म सात लाखांच्या आत, मृत्यू सोळा लाख. दर दहा माणसांत जवळजवळ तिघांची पासष्टी उलटलेली. पेन्शन घेणारे वाढले, भरणारे घटले, आणि सरकारवरचं कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीपलीकडे गेलं.

हे का झालं? 1990 च्या सुमारास तिथला शेअर आणि जमिनींच्या भावांचा फुगा फुटला. कंपन्यांनी कायमच्या नोकऱ्या देणं आवरतं घेतलं. त्या काळात कॉलेजातून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांना पक्की नोकरी मिळालीच नाही. नोकरी पक्की नाही म्हणून लग्न नाही, लग्न नाही म्हणून मूल नाही. ती मुलं आज पन्नाशीत आहेत, आणि काही घरांत ऐंशी वर्षांचे आईवडील आपल्या पेन्शनवर पन्नाशीच्या मुलाला सांभाळतात. तिथे या प्रश्नाचं नावच पडलंय, 'ऐंशी-पन्नास'.

घरांचं म्हणाल तर 2023 च्या पाहणीत 90 लाख घरं रिकामी निघाली. पाडत का नाहीत? कारण घर उभं असलं की जागेवरचा कर सवलतीत बसतो, पाडलं की तो वाढतो. शिवाय मालक कोण हेच कित्येकदा कळत नाही. कागदावर नाव आजोबांचं, वारस चार शहरांत. हे आपल्या ओळखीचं आहे. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव तसंच ठेवून भाऊबंदकी चालवणारी घरं मी जवळून पाहिली आहेत. माझं स्पष्ट मत आहे, बाराव्या-तेराव्याच्या खर्चाआधी वारसनोंद करावी. जपानने एप्रिल 2024 पासून ती कायद्यानेच सक्तीची केली.

सगळ्यांत मला लागतं ते एकटेपण. 2024 मध्ये तिथल्या पोलिसांनी मोजलं, घरात एकटे असताना वारलेली माणसं 76 हजार. त्यांतले तीन चतुर्थांश पासष्टीपुढचे. पण एक गोष्ट तिथे 1928 पासून चालू आहे: रेडिओवरचा व्यायाम. सकाळी साडेसहाला रेडिओवर पियानो सुरू होतो आणि बागेबागेत वयस्कर मंडळी जमून हातपाय हलवतात. एखादे आजोबा दोन दिवस दिसले नाहीत, तर कोणीतरी त्यांच्या दारावर थाप मारतं. आपल्याकडे भक्तिगीतांनंतर अशी दहा मिनिटं हवीत, हे मी आजवर प्रत्येक बैठकीत मांडत आलो आहे, यापुढेही मांडणार.

आता जपानने बाहेरच्या माणसांना दार उघडलंय. 2019 पासून वृद्धांची सेवा, शेती, बांधकाम अशा कामांसाठी वेगळा व्हिसा मिळतो. त्याच वर्षी टोकियोतल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ निवडून आले. तुमच्या घरातलं कोणी तिकडे सेवेच्या कामाला जायला निघालं असेल, तर भाषेच्या परीक्षेबरोबर त्याला तिथल्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारण्यापुरतं जपानीही शिकू द्या. आणि सुट्टी मिळाली, तर नागोरोला एक चक्कर मारायला सांगा.

नमस्कार.