काळ्या वेष्टनातली दहा गाणी

नमस्कार श्रोतेहो.

आज मला एका रॉक अल्बमबद्दल बोलायचं आहे. बँड एसी-डीसी, अल्बम 'बॅक इन ब्लॅक', साल १९८०. ज्यांनी कधी मुद्दाम रॉक लावून ऐकलेलं नाही, त्यांच्याही कानावर यातलं एखादं गाणं कुठे ना कुठे पडलेलं असतं. २००८ साली आलेल्या एका गाजलेल्या सुपरहिरोपटाची सुरुवातच या अल्बमच्या शीर्षकगीताने होते. पण ही गाणी रेकॉर्ड झाली ती बँडचा गायक गेल्यानंतर अवघ्या दोन-तीन महिन्यांत. हे समजल्यापासून मला तो अल्बम वेगळाच ऐकू येतो, आणि का, तेच सांगायचा आज प्रयत्न करतो.

एसी-डीसी हा मुळात दोन भावांचा बँड. माल्कम यंग आणि अँगस यंग. जन्म स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा. १९६३ साली यंग कुटुंब ऑस्ट्रेलियात सिडनीला आलं. थोरला भाऊ जॉर्ज आधीच पॉप संगीतात नाव कमावलेला, त्यामुळे गिटार घरातलीच. अँगस शाळेचा गणवेश घालून, अर्ध्या चड्डीत मंचभर धावत गिटार वाजवायचा, आणि लोकांची नजर त्याच्यावरून हलायची नाही. मागे एका जागी उभा राहून ताल धरणारा माल्कम. बँड चालवायचा तो माल्कम. आणि १९७४ पासून या दोघांसोबत गायला होता बॉन स्कॉट. तोही स्कॉटलंडचाच, लहानपणी आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात आलेला. बॉनच्या आवाजात खट्याळपणा होता. गल्लीतला एखादा दादा आपल्या करामती रंगवून सांगतो आहे आणि आपल्याला ऐकत बसावंसं वाटतं आहे, असं त्याचं गाणं. छोट्या छोट्या हॉटेलांच्या बारमध्ये वाजवून, युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं फिरून हा बँड वर आला. १९७९ चा 'हायवे टू हेल' हा अल्बम अमेरिकेतल्या खपाच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. एवढ्या वर्षांच्या कष्टांनंतर दार किलकिलं झालं होतं.

आणि १९ फेब्रुवारी १९८० रोजी लंडनमध्ये बॉन गेला. तेहतीस वर्षांचा होता. रात्री कॅमडनमधल्या क्लबात पिणं झालं, परतताना ओळखीच्या माणसाच्या गाडीत झोप लागली, आणि त्या झोपेतून तो उठलाच नाही. कारण नोंदवलं गेलं अतिमद्यपानाचं.

त्याच्या अस्थी ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमँटलच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. अंत्यविधीला बँड गेला होता. तिथे बॉनच्या वडिलांनी या मुलांना सांगितलं की तुम्ही थांबू नका, दुसरा कोणी शोधा आणि पुढे चला. स्वतःचा मुलगा गेलेला असताना एखादा बाप हे बोलतो, याचं मला फार मोल वाटतं. बँड मोडायचा विचार त्यांच्या मनात आलाच होता. मग काही दिवसांनी माल्कमने अँगसला फोन केला आणि म्हणाला की नुसतं बसून कुढण्यापेक्षा काम करू. दोघंच तालमीच्या खोलीत जाऊन गिटार घेऊन बसू लागले.

गायक कोण, हा प्रश्न होताच. इथे एक गोष्ट मला आजही थक्क करते. नव्या गायकाचं नाव एका परीने बॉननेच सुचवून ठेवलं होतं. काही वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये त्याने 'जॉर्डी' नावाच्या बँडचा गायक पाहिला होता. तो माणूस मंचावर गडबडा लोळत किंचाळत होता, आणि बॉनने येऊन अँगसला सांगितलं होतं की काय जबरदस्त गातो! वास्तवात त्या रात्री गायकाला अपेंडिक्सच्या कळा येत होत्या. तो गायक म्हणजे ब्रायन जॉन्सन. इंग्लंडच्या ईशान्येचा, न्यूकॅसलजवळच्या डन्स्टनचा. १९८० पर्यंत त्याचा बँड मागे पडला होता आणि तो गाड्यांच्या टपांवर व्हिनाइलचं आच्छादन बसवायचा धंदा करत होता. लंडनला जायचं तर खर्च, कामाचा खाडा. योगायोगाने त्याला व्हॅक्यूम क्लीनरच्या जाहिरातीचं गाणं गायला लंडनला बोलावणं आलं, म्हणून त्याच फेरीत तो एसी-डीसीकडे जाऊन आला. टीना टर्नरचं 'नटबुश सिटी लिमिट्स' गायला, मग त्यांचंच 'होल लॉटा रोझी' गायला. झालं, ठरलं.

एप्रिलमध्ये सगळे बहामा बेटांवर, नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत पोहोचले. समुद्रकिनारा, नारळ, ऊन असं चित्र डोळ्यासमोर येतं, पण त्यांना भेटलं वादळ. पाऊस, गेलेली वीज, कस्टम्समध्ये अडकलेली वाद्यं. जॉन्सनला तर काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ही माणसं भेटलीही नव्हती, आणि आता त्याला दहा गाण्यांचे शब्द लिहायचे होते. 'हेल्स बेल्स' या पहिल्या गाण्याचे शब्द त्या वादळातूनच आले. बाहेर ढग गडगडत होते आणि निर्माता मट लँग त्याला म्हणाला की हेच लिही, जे ऐकू येतंय तेच लिही.

मट लँगबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. 'हायवे टू हेल'ही त्यानेच केला होता. अत्यंत काटेकोर माणूस. जॉन्सनचा आवाज तार सप्तकात, घसा फाटेल की काय अशा टोकाला लागतो. लँग त्याला ओळ पुन्हा गायला लावायचा, पुन्हा, पुन्हा. हा स्वर लांबला, पुढच्या ओळीआधी श्वासाला जागा उरली नाही, परत घे. आपण ऐकताना वाटतं की कोणी तरी बेभान होऊन ओरडतो आहे. प्रत्यक्षात श्वास कुठे घ्यायचा, हेसुद्धा तिथे ठरलेलं आहे. ध्वनिमुद्रक टोनी प्लॅटची गोष्टही तशीच. तो ड्रम घेऊन खोलीभर ठिकठिकाणी टपली मारत फिरला, आणि जिथे आवाज एकदम मोठा, जिवंत लागला तिथे ड्रमचा संच मांडला. फिल रडचा ठेका या अल्बमवर इतका भरीव वाटतो त्यामागे असं काम आहे. मला विचाराल तर या अल्बमचा कणा रडचा ठेका आणि क्लिफ विल्यम्सचा बेस हाच आहे. दोघांनीही एक ठोका जास्तीचा वाजवलेला नाही. अँगसच्या चमकदार गिटारबद्दल सगळे बोलतात, या दोघांबद्दल कोणी बोलत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता ती घंटा. अल्बम सुरू होतो तो घंटेच्या टोल्यांनी, गायक किंवा गिटार यायच्या आधी. इंग्लंडच्या लफबरो गावातल्या जॉन टेलर या घंटा ओतणाऱ्या कारखान्यात एक टनाची घंटा खास बनवून घेतली होती. ती अजून तयार नव्हती म्हणून आधी प्लॅटने त्याच गावच्या युद्धस्मारकाच्या मनोऱ्यातली मोठी घंटा रेकॉर्ड करून पाहिली. पण टोला पडला की वर बसलेले पक्षी फडफडत उडायचे आणि तो फडफडाट टेपवर यायचा! शेवटी कारखान्यातच, नव्या घंटेचा आवाज घेतला गेला आणि टेप अर्ध्या वेगाने चालवून तो आणखी खाली, आणखी खोल उतरवला. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळाजवळ ज्यांनी मोठ्या घंटेचा नाद अनुभवला असेल त्यांना कळेल की टोला संपल्यावरही धातू बराच वेळ बोलत राहतो. 'हेल्स बेल्स'मध्ये तो उरलेला नाद पुरता ऐकू दिला आहे, घाई केलेली नाही. सगळे मिळून तेरा टोले आहेत. गाण्यांमध्ये शोकाचं एवढंच काय ते चिन्ह. बॉनचं नाव संपूर्ण अल्बमभर कुठल्याही गाण्यात येत नाही.

शीर्षकगीताबाबत भावांनी जॉन्सनला सांगितलं होतं की हे बॉनसाठी आहे, पण रडकं नको, आनंदाचं हवं. ते ऐकल्यावर जॉन्सनची काय अवस्था झाली असेल! ज्याच्या जागी आपण आलो त्याच्याबद्दल, त्याच्या मित्रांसमोर, उत्सवाचं गाणं लिहायचं. त्याने लिहिलं ते परत आलेल्या, बेगुमान, फाशीच्या दोरातून निसटलेल्या माणसाचं गाणं. त्याची मूळ गिटारची धून माल्कमने आधीच कॅसेटवर टिपून ठेवली होती आणि ती बरी आहे की टाकाऊ, हेच त्याला ठरवता येत नव्हतं. अँगस म्हणाला, टाकू नकोस.

या अल्बममधलं मला सगळंच पटतं असं नाही. बायकांबद्दलची काही गाणी शब्दांनी अगदी उथळ आहेत. त्यातलं एक तर १९८५ साली अमेरिकेतल्या पालकांच्या एका गटाने आक्षेपार्ह गाण्यांच्या यादीत घातलं. बंदीची भाषा मला मान्य नाही, पण शब्दांची बाजू मी घेणार नाही. आणि 'हॅव अ ड्रिंक ऑन मी' या गाण्याशी मी बराच काळ अडून होतो. माणूस दारूने गेला, आणि काही महिन्यांत हे पिण्याचं आमंत्रण देणारं गाणं? मग कळलं की मरणाच्या थोडे दिवस आधी बॉन तालमीला आला होता आणि याच गाण्याच्या कच्च्या आराखड्यावर तो स्वतः ड्रम वाजवायला बसला होता. मुळात ड्रम वाजवणाराच होता तो. म्हणजे या गाण्याला त्याचा हात लागलेला होता. टाकून दिलं असतं तर त्याचं शेवटचं कामच टाकल्यासारखं झालं असतं. आता ते गाणं मला अवघड वाटतं, पण अशिष्ट वाटत नाही.

मुखपृष्ठ पूर्ण काळं. नाव फक्त उठावाने, हाताला लागेल असं. रेकॉर्ड कंपनीला हे रुचलं नाही, दुकानात दिसणार कसं, हा त्यांचा प्रश्न. तडजोड म्हणून अक्षरांना राखाडी कड दिली गेली. सुतक पाळलं ते तिथे.

अल्बम २५ जुलै १९८० रोजी आला. ब्रिटनमध्ये तो थेट पहिल्या क्रमांकावर गेला, जिथे एसी-डीसी आधी कधीच पोहोचले नव्हते. अमेरिकेत चौथ्या क्रमांकाच्या वर गेला नाही, पण खालीही उतरेना. सलग दोन-अडीच वर्षं यादीत राहिला. डिसेंबर २०१९ मध्ये तिथल्या विक्रीसाठी त्याला अडीच कोटी प्रतींची अधिकृत मोहोर मिळाली. जगभरातला अंदाज पाच कोटींचा सांगतात.

पण लोकांनी नव्या गायकाला कसं स्वीकारलं, हे या आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी १९८१ मधली एक घटना पाहावी लागते. बॉनने गायलेला 'डर्टी डीड्स' हा १९७६ चा अल्बम अमेरिकन कंपनीने तेव्हा नाकारला होता. 'बॅक इन ब्लॅक' चालतो आहे म्हटल्यावर त्यांनी तो आता बाजारात आणला, आणि तो तिसऱ्या क्रमांकावर गेला, म्हणजे 'बॅक इन ब्लॅक'पेक्षा वर! कल्पना करा, जॉन्सन नुकता कुठे उभा राहतो आहे आणि दुकानात त्याच्या शेजारी गेलेल्या गायकाचा 'नवा' अल्बम. कंपनीने हे करायला नको होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरी श्रोत्यांनी निवड केली नाही. दोन्ही घेतले. नव्याची ओळख झाल्यावर लाखो लोक जुन्याकडे गेले, आणि बॉन अमेरिकेत खऱ्या अर्थाने पोहोचला तो मरणानंतर, जॉन्सनच्या गाण्यामुळे. जॉन्सनने त्याची नक्कल केली असती, तर हे घडलं नसतं असं मला ठामपणे वाटतं. मंचावर तो बॉनची गाणी आजही गातो, आपल्या आवाजात.

पस्तीस-चाळीस वर्षांनी या बँडवर तीच वेळ पुन्हा आली. माल्कमला स्मृतिभ्रंश झाला. २०१४ मध्ये तो बाजूला झाला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये गेला. जॉन्सनला २०१६ मध्ये ऐकू येईनासं झाल्याने दौरा अर्ध्यावर सोडावा लागला. सगळ्यांनी बँड संपला असंच धरलं होतं. अँगस मात्र भावाबरोबर वर्षानुवर्षं साठवलेल्या धुनांच्या टेपा उपसत बसला. जॉन्सन, रड, विल्यम्स परतले, माल्कमच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग बसला, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये 'पॉवर अप' आला. बाराही गाण्यांच्या श्रेयात माल्कमचं नाव आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडे पहिला क्रमांक. 'पॉवर अप' 'बॅक इन ब्लॅक'च्या तोडीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण तोच कामाचा मार्ग त्यात आहे. गेलेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं काम हातात घ्यायचं आणि पूर्ण करायचं.

आता आपण 'बॅक इन ब्लॅक'चं शीर्षकगीत ऐकू. सुरुवातीला झांजेवर लय मोजली जाईल, मग दोन गिटारी एकदम येतील. त्यांच्या दोन आघातांमध्ये जी मोकळी जागा सोडली आहे तिकडे लक्ष द्या. ती भरून काढायचा मोह कुणालाही झाला असता, तिथे फक्त ठेका चालू राहतो. माल्कमची गिटार एका बाजूला आहे, अँगसची दुसऱ्या बाजूला. हेडफोन असतील तर जरूर लावा. गाणं सव्वाचार मिनिटांचं आहे.