पिस्तूल घेताना नळी सगळ्यात शेवटी बघा

मुलांना नेमबाजीला घालणाऱ्या नव्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एअर पिस्तूल कुठल्या कंपनीचं, मॉरिनी घ्यायचं, स्टायर की वॉल्थर? २०२४ला पॅरिसमध्ये मनू भाकरनं एअर पिस्तुलात दोन ब्राँझ मिळवली, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये एक. तेव्हापासून हा प्रश्न जास्तच घाईनं विचारला जातो. त्याआधी थोडी आकडेमोड करू.

१० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं असतं. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि त्याची कड वर्तुळाला नुसती शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्‍याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत सरकला तरी चालतं. कुठलंही बरं मॅच पिस्तूल व्हाइसमध्ये (शिकंज्यात) आवळून मारा, छर्रे जवळपास एकाच भोकातून जातील. मधल्या किमतीचंही हे करतं. नळीचा विषय इथं संपला.

आता साइट्स बघा, म्हणजे नेम धरायची पुढची पट्टी (फ्रंट) आणि मागची खाच (रिअर). फ्रंट आणि रिअर साइटमधलं अंतर साधारण ३३ सेंटिमीटर, आणि टार्गेट त्याच्या तीसपट लांब. मनगट किंचित वळून फ्रंट साइट खाचेत १ मिलिमीटर डावीकडे गेली, तर छर्रा ३ सेंटिमीटर डावीकडे जातो. पाव मिलिमीटरच्या जरा पुढे गेलात की दहा गेला. याउलट साइट्स एका रेषेत ठेवून अख्खा हात ५ मिलिमीटर हलला, तर छर्राही ५ मिलिमीटरच हलतो, आणि दहा शाबूत राहतो. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. त्याला घाबरू नका. मनगटाचा कोन बदलला की मात्र गुण जातात, आणि तो बदलतो ग्रिपमुळे, म्हणजे पिस्तुलाच्या लाकडी मुठीमुळे, किंवा ट्रिगरमुळे. म्हणून लाखाच्या पुढचे पैसे मोजताना याच दोन गोष्टी तपासा.

ग्रिप आधी. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी ग्रिपच्या मागच्या वळणात जाईल तितकी वर बसवा. तर्जनीखालच्या बोटांनी सरळ मागे ओढायचं, अंगठा नुसता टेकवून ठेवायचा. तळहाताखालची पट्टी एवढीच वर घ्या की हात आत-बाहेर सहज होईल. नियमानुसार मनगट मोकळं राहिलंच पाहिजे. मग डोळे मिटून पिस्तूल उचला, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साइट्स आपोआप रेषेत दिसल्या तर ग्रिप तुमची. फ्रंट साइट दरवेळी एकाच बाजूला दिसली, तर लाकूड कुठेतरी टोचतंय किंवा कुठेतरी पोकळ आहे. टोचतं तिथं कानस, पोकळ तिथं लाकडाची लांबी (पुटी) भरा. एका बैठकीत थोडंच घासा, कारण घासलेलं परत येत नाही. बारा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं किलोभर वजनाचं पिस्तूल आणि मोठी ग्रिप देणारे पालक दोनदा पैसे घालवतात. हात वाढेपर्यंत क्लबचं आखूड, हलकं पिस्तूल पुष्कळ झालं.

ट्रिगरबद्दल जरा सविस्तर बोलतो. एअर पिस्तुलाचा ट्रिगर सुटायला किमान ५०० ग्रॅमचा दाब लागला पाहिजे. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरला वजन टांगतात. पिस्तूल ते वजन उचलू शकलं नाही तर परत पाठवतात. घरी बरोबर ५०० वर लावू नका, दहा-वीस ग्रॅम वर ठेवा, कारण स्क्रू सैल होतात. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिल्या टप्प्यात साडेतीनशे-चारशे ग्रॅम आणि दुसर्‍यात उरलेलं ठेवलं, की नवशिक्याला दोन टप्प्यांमधली ‘भिंत’ स्पष्ट लागते. बोटाच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर, आणि बोट व ग्रिप यांच्यात फट हवीच. बोट लाकडाला घासत असेल तर प्रत्येक दाबासोबत पिस्तूल बाजूला ढकललं जातं.

शॉट असा: पिस्तूल टार्गेटच्या वर न्या, श्वास सोडत खाली आणा, उतरतानाच पहिला टप्पा घ्या आणि काळ्या वर्तुळाच्या खाली पांढर्‍यात थांबा. नजर फ्रंट साइटवर. टार्गेट धूसर दिसलं पाहिजे. दाब वाढवत राहा, सुटेल तेव्हा सुटेल. आठ-दहा सेकंदांत सुटला नाही तर हात खाली घ्या. ६० शॉट्सना सव्वा तास असतो, कंजूषपणा नको. सुटल्यावरही दोन सेकंद तसंच उभं राहा, कारण सुटण्याआधीच निकाल बघायला डोळा वर गेला तर मनगटही त्याच्या मागे जातं.

उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे डावीकडे खाली पडू लागले, तर तो तर्जनीबरोबर सगळी मूठ आवळतोय. सरळ खाली पडले तर मनगट ढिलं होतंय. वर पडले तर शॉट सुटायच्या अंदाजानं तळहाताची टाच पुढे रेटली जातेय. एका छर्‍यावरून साइट फिरवू नका, दहाचा गट बघा. आणि खातरजमा ड्राय मारून, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर दाबून, करा. पांढर्‍या भिंतीसमोर उभं राहा; ट्रिगर सुटताना फ्रंट साइट दचकली तर रोग तिथंच दिसतो. मात्र पॉइंट टू टूचं (०.२२ इंची काडतुसाचं) पिस्तूल तसंच ड्राय मारू नका. काहींत फायरिंग पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर आदळते आणि काठ दबतो. डमी (खोटं काडतूस) घाला, किंवा पिस्तुलातली ड्राय फायरची सोय वापरा.

कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्ण जिंकलं, त्या २५ मीटरमध्ये ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा. त्यातल्या रॅपिड (झटपट) टप्प्याला हात ४५ अंशांवर खाली. तीन सेकंदांत उचलून एक शॉट, सात सेकंद थांबा, असं पाचदा. ट्रिगर खेचायची सवय इथं लगेच उघडी पडते.

आता बंदुकीच्या हौसेविषयी. साधारण ५-६ ज्यूलच्या या एअर पिस्तुलाला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून ते खेळणं ठरत नाही. सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) नळीत, नळी टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. लेनच्या पुढे माणूस असेल तर पिस्तुलाला हात नाही, आणि दुसर्‍याच्या पिस्तुलाला विचारल्याशिवाय कधीच नाही. पॉइंट टू टूचा परवाना मिळाल्यावर कमरेला लावून फोटो टाकणारे पाहुणे क्लबात टिकत नाहीत, आणि टिकूही नयेत. वरातीत हवेत गोळी झाडणार्‍याला २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

जुनं पिस्तूल घेत असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची; ती उलटून गेली असेल तर नव्याची किंमत सौद्यातून वजा करा. भरताना २०० बारच्या वर जाऊ नका, सावकाश भरा, आणि ऑक्सिजनच्या टाकीला कधीही जोडू नका: आत तेलाचा अंश असला तर स्फोट होतो. सुटे भाग देणारा आणि दुरुस्ती जाणणारा माणूस जवळपास आहे का, हेही विचारा. टोकियोत भर पात्रता फेरीत मनूचं पिस्तूल बिघडलं, दुरुस्तीत मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. छर्‍यांचा डबा मात्र पिस्तुलासोबत फुकट मिळाला तरी स्पर्धेला नेऊ नका. हलवाहलवीत स्कर्ट (मागची पातळ कड) चेपलेले छर्रे वेगळे काढून सरावाला वापरा.